लोणार: खारं तळं, गोड धार

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊ या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. एसटीनंच जा, गाडी घेऊन येणारे काठावर दोन फोटो काढतात आणि परत फिरतात. काळ्या बेसॉल्टवर उल्का आदळून पडलेला हा खळगा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तळाशी खारं पाणी. पण काठावरच्या गोमुखाची धार गोड. तळं खारं, धार गोड. एवढं ध्यानात असू द्या. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं तळ्याची नोंद केली. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाचं कोरीव काम मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधीचं. इथला क्षार पूर्वी साबणाला, काचेला जायचा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज माईकसमोर बसलोय. मावशीला घेऊन खाली कमळजामातेच्या दर्शनाला गेलो होतो. देऊळ पाण्याच्या अगदी जवळ. मावशीनं पिशवी उघडली. खण आहे, नारळ आहे, हळदीची पुडी आहे, कुंकू घरीच! "कुंकवावाचून ओटी कशी भरू?" मावशी पायरीवरच बसली. शेजारी गावातल्या एक आजी होत्या. त्यांनी मावशीच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली, तळ्याचं पाणी आणून चार थेंब सोडले, बोटानं कालवली. हळद लालभडक! मावशी एकदा हाताकडे बघते, एकदा आजींकडे. मग एकदम उसळली, "अहो, माझी हळद भेसळीची नाही हं! घरी दळलेली आहे!" (यात मी मावशीच्या बाजूचा. पाकिटातल्या हळदीला ना वास, ना रंग.) आजी म्हणाल्या, "बाई, हळद तुमचीच, करणी पाण्याची."

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? तेच हे. तळ्याचं पाणी अल्कधर्मी, सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास. ओटी त्याच कुंकवानं भरली.

जून २०२० मध्ये अख्खं तळं गुलाबी झालं. तेव्हा कारण वेगळं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळं महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलं. पण बातमी टीव्हीवर झळकली त्या संध्याकाळी मला मावशीचा फोन: "काय रे, एवढी हळद कुणी सांडली?"