मूरवर ग्रॅव्हल बाईक चालवायचीय? मग किलोमीटर नका मोजू, दऱ्या मोजा

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? वारा आहे भरपूर, माईकला ती केसाळ टोपी घातलीय तरी फरफर येणारच, सांभाळून घ्या. मी उभा आहे ब्लेकी रिजवर, म्हणजे इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थ यॉर्क मूर्स, मूर म्हणजे उंचावरचा उघडा माळ, उंची साधारण चारशे मीटर, आणि मागे हे जे तपकिरी-काळपट पसरलंय ना, नजर जाईल तिथवर, ते सगळं हेदर, खुरटं झुडूप. ऑगस्टमध्ये हेच जांभळं होतं. झाड जवळजवळ नाहीच, त्यामुळे आडोसाही नाही.

मला बरेच जण विचारतात की रोड बाईकवर, म्हणजे डांबरी रस्त्याच्या सायकलवर, शंभर किलोमीटर आरामात होतात, तर इथे ग्रॅव्हल बाईकवर, म्हणजे खडीच्या वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकलवर, साठ-सत्तर जमतील ना? मी पण पहिल्यांदा असंच गणित केलं होतं. हटन-ले-होल गावातून निघायचं, फार्नडेल दरीतून आत, मग वर ब्लेकीला, पलीकडे रोझडेलमध्ये उतरायचं आणि चिमनी बँक नावाचा चढ चढून परत गावात. चाळीसच्या आत होतंय, दोन-सव्वादोन तासांत जेवायला परत, असं मी घरी सांगून निघालो होतो. पाच तास लागले. पंक्चर नाही, काही मोडलं नाही, फक्त मी नकाशात अंतर बघितलं आणि दऱ्या नाही बघितल्या.

इथली जमीन कशी आहे बघा. वरचा माळ बऱ्यापैकी सपाट, तीनशे-चारशे मीटरवर, वाळूच्या दगडाचा, आणि नद्यांनी तो माळ सुरीने कापल्यासारखा कापत दऱ्या केल्यात, फार्नडेल एक, रोझडेल एक, अशा शेजारी शेजारी. दरीच्या तळाला शेतं, दगडी भिंती, मेंढ्या, छोटी गावं, सगळं हिरवं. वर माळ, खाली शेत, आणि दोघांच्या मधे जो काठ आहे तो उभा. इथल्या जुन्या वाटा वळणं घेत बसत नाहीत, सरळ अंगावर येतात. एका दरीत उतरून बाहेर यायचं म्हणजे दोन-अडीचशे मीटर चढ, तोही लांबवर पसरलेला नाही, दीड-दोन किलोमीटरमध्ये कोंबलेला. म्हणून आता मी रूट बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो की आपण माळावरून दरीत कितीदा उतरतोय. एकदा, ठीक. दोनदा, डबा घ्या. तीनदा असेल तर दिवस गेला समजा.

चिमनी बँकचा चढ सगळ्यात तिखट भागात तीनास एक आहे, म्हणजे ३३ टक्के. तेवढं सोडा, २० टक्क्यांचंच धरू. तुम्ही, बाईक, पाणी, सामान मिळून ८५ किलो. वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतकाच. तर दर सेकंदाला ते ८५ किलो फूटभर वर उचलायचे, त्याला साधारण २७० वॅट लागतात, नुसतं उचलायला, खडीवर चाक रुततं त्याचे वेगळे. आणि तुमचा सगळ्यात हलका गिअर एकास एक असेल, पुढे ४० मागे ४० दात, तर पेडल मिनिटाला जेमतेम ४६ वेळा फिरतात. एवढ्या संथ, जोर लावलेल्या पेडलिंगमध्ये होतं काय की प्रत्येक धक्क्याला मागचं चाक खडीवर जागच्या जागी फिरून जातं, तुम्ही उभं राहून जोर लावला की मागचं वजन कमी होतं आणि अजूनच फिरतं, मग पाय टेकला, आणि एकदा पाय टेकला की त्या चढावर परत बसून निघता येत नाही. त्यामुळे हलके गिअर कमजोर लोकांसाठी वगैरे जे बोलतात त्यांचं ऐकू नका. मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्यापेक्षा मोठी हवीच, पुढे ४० असेल तर मागे ४४, आणि पुढे ३०-३२ वाली छोटी मिळत असेल तर अजून छान. बसूनच चढा, नाक हँडलकडे, कोपर खाली. आणि ढकलायला लागलं तर ढकला ना, मी ढकलतो. कॅमेरा बंद करून ढकलतो.

(टायर जवळून दाखवत) हा ४५ मिमीचा, ट्यूबलेस. माझं वजन पंच्याहत्तर, मी हवा तीसच्या आसपास पीएसआय ठेवतो, मागे थोडी जास्त. इथे बघा, हा वाळूच्या दगडाचा तुकडा, कडा कशी आहे, हवा फार कमी ठेवली की टायर रिमवर चेपतो आणि चीर पडते, जास्त ठेवली की दात वाजतात. प्लगची किट, म्हणजे टायरचं भोक बुजवायचं सामान, खिशात ठेवा, बॅगच्या तळाशी नको.

आता जी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली ती सांगतो. चढ टाळायचा असेल तर रेल्वे शोधा. १८६१ मध्ये रोझडेलचं लोखंडाचं खनिज न्यायला या माळावरून रेल्वे टाकली होती, १९२९ ला बंद झाली, रूळ गेले, पण त्याचा पाया अजून आहे. इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून त्या लोकांनी फार्नडेलमध्ये न उतरता दरीच्या टोकाला वळसा घालून लाईन नेली, ब्लेकीपासून ब्लोवर्थ क्रॉसिंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटर, जवळपास सपाट, डावीकडे खाली अख्खी दरी दिसत राहते आणि तुम्ही मस्त गप्पा मारत जाऊ शकता. असंच गुरांच्या जुन्या वाटांचं. पश्चिमेच्या कडेला हॅम्बल्टन ड्रोव्ह रोड आहे, स्कॉटलंडहून दक्षिणेच्या बाजारांना गुरं हाकत न्यायचे, गुरं धापा टाकत बाजारात पोचली तर भाव कोण देणार, म्हणून ती वाट रुंद आणि माळ धरून जाणारी. म्हणजे इंजिन आणि गाय जिथून गेली तिथून तुम्हीही जाल.

आणि वरचे हे बाकीचे खडीचे रस्ते, ते आपल्यासाठी केलेले नाहीत हं. बरेचसे ग्राऊस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी गाड्या नेता याव्या म्हणून जमीनमालकांनी केलेत. शिकारीचा सीझन १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, म्हणजे हेदर फुललेलं असतं तेव्हाच तो सुरू होतो, त्यामुळे त्या दिवसांत पाट्या वाचत जा. हा ग्राऊस चढावर तुमच्या पायातून फडफडत उठतो आणि ओरडतो, अगदी ‘गो बॅक, गो बॅक’ म्हटल्यासारखं. दमलेल्या माणसाला बरं नाही वाटत ते.

रस्ता दिसला म्हणून घुसायचं नाही पण. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलला ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांच्या वाटेवर, जायचा हक्क मिळाला, अट अशी की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. फूटपाथवर, म्हणजे इथे फक्त चालणाऱ्यांच्या पायवाटेवर, तो हक्क नाही. खांबावर निळा बाण ब्रायडलवे, पिवळा फूटपाथ, एवढं पाठ करा. घोडा दिसला तर मागून गुपचूप येऊ नका, लांबूनच बोलायला लागा, काहीही बोला, ‘गुड मॉर्निंग, आम्ही दोघं आहोत’, घोड्याला माणसाचा आवाज कळतो, आवाज न करता मागून येणारी वस्तू म्हणजे त्याला शिकारी जनावर वाटतं.

आणि हे सगळं नवीन फॅड आहे असंही समजू नका. रफ स्टफ फेलोशिप नावाचा क्लब १९५५ मध्ये निघाला, बारीक टायरच्या साध्या सायकली घेऊन ही मंडळी असल्याच वाटांनी जायची, जिथे चालवता येत नाही तिथे खांद्यावर घेऊन.

पीटबद्दल बोलायचं राहिलं. पीट म्हणजे हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि झाडपाला, पाणी धरून बसलेला काळा स्पंज. वरून वाटेसारखाच दिसतो. मी एकदा रेंगाळत चाललो होतो, वेग असेल दहाचा, पुढचं चाक अलगद आत गेलं आणि बाईक थांबली, मी नाही थांबलो. लागलं काही नाही, पीट मऊ असतो, पण मोजा काळा झाला तो अजून काळाच आहे. तेव्हापासून एक खूण धरून चालतो. हेदर असेल तिथे जमीन त्यातल्या त्यात कोरडी, आणि जिथे पोपटी, लुसलुशीत, हात फिरवावासा वाटेल असं शेवाळ दिसतं तिथे चाक घालायचं नाही.

उताराला शेवटचं एक. माळ संपून शेतं सुरू होतात तिथे भिंत असते, आणि भिंतीत फाटक, माळावरच्या मेंढ्या शेतात जाऊ नयेत म्हणून. म्हणजे फाटक नेमकं कुठे येतं, तर सगळ्यात उभ्या उताराच्या पायथ्याशी. ब्रेकच्या डिस्क ओल्या, मागचं चाक खडीवर सरकतंय, आणि समोर लोखंडी फाटक. त्यामुळे खाली हिरवं दिसायला लागलं की ब्रेक आधीपासून धरा. फाटक बंद असेल तर उघडून परत बंद करायचं, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, शेतकऱ्याने काहीतरी विचार करून ठेवलेलं असतं. चला, मला आता खाली जायचंय, ढग खाली येतायत, तो पलीकडचा काठ दिसत होता मघाशी तो आता दिसत नाहीये.