जुन्या कार्डाचा भाव: परदेशी विक्रेत्याशी ऑनलाइन घासाघीस

मंडळी, टॉवेल विणणाऱ्या रेपिअर मागाचं कंट्रोल कार्ड, म्हणजे माग चालवणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, गेलं की माग बंद पडतो. कंपनीने ते मॉडेल काढणं थांबवलेलं असेल तर नवं कार्ड मिळत नाही, आणि शोध ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारावर जाऊन थांबतो. युरोपातल्या बंद गिरण्यांचे माग मोडून सुटे भाग विकणारे व्यापारी तिथे आहेत. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झालं, तरी परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवता येतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला ही वाट माहीत हवी, कारण मागितलेली किंमत तशीच मोजली तर पैसे उगाच जातात आणि वाटेल तसा भाव पाडायला गेलं तर वस्तू हातची जाते.

सुरुवात कार्डावरच्या लेबलापासून करा. पार्ट नंबर आणि त्यापुढचं रिव्हिजनचं, म्हणजे आवृत्तीचं, अक्षर, दोन्ही लिहून घ्या. नंबर तोच आणि रिव्हिजन वेगळं असेल तर कार्ड बसतं, पण माग चालेलच असं नाही. मग त्या नंबराने शोधून ‘सोल्ड आयटम्स’चं फिल्टर लावा. गेल्या 90 दिवसांत खरोखर विकलेला माल त्यात दिसतो. विक्रेते काय मागतात ते बाजूला ठेवा, गिऱ्हाइकांनी काय मोजलं ते पाहा. किंमत खोडलेली दिसली तर तो सौदा ऑफरवर, म्हणजे गिऱ्हाइकाने कमी भाव सुचवून, झालेला असतो, म्हणजे खरा भाव त्याहून कमी होता.

चाटी गल्लीच्या बाजारात भाव करताना आपण दुकानदाराचा चेहरा वाचतो आणि उठून निघाल्यासारखं करतो. इथे चेहरा नाही, पण उठून निघण्याची सोय आहे. वस्तू ‘वॉच लिस्ट’मध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या मालाच्या यादीत, टाका आणि घाई नसेल तर चार-सहा दिवस थांबा. वॉच करणाऱ्यांना कमी भावाची ऑफर पाठवण्याची सोय विक्रेत्याकडे असते, आणि महिनोन्महिने पडून असलेल्या मालावर बरेच जण ती वापरतात.

विक्रेता कोण आहे तेही पाहा. त्याच्याकडे त्याच जातीची दहा-बारा कार्डं असतील तर तो गिरणी मोडणारा व्यापारी. त्याला गोदाम रिकामं करायचं असतं, तेव्हा दोन-तीन नग एकदम मागितले की तो लवकर खाली येतो. एकच नग असलेला विक्रेता अडून बसतो. व्यापाऱ्याला संकेतस्थळाचं कमिशनही द्यावं लागतं, आणि ते मालाच्या किमतीबरोबर पाठवणीच्या खर्चावरही लागतं. त्यामुळे एका मर्यादेखाली त्याला परवडतच नाही.

आता ऑफर. आपला भाव सुचवण्याचं ‘बेस्ट ऑफर’चं बटण असेल तिथे विक्रेत्याने बहुधा एक किमान आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. त्याखालची ऑफर यंत्रच नाकारतं, माणसापर्यंत ती पोचतच नाही. एका वस्तूवर ठराविकच ऑफर देता येतात, म्हणून अर्ध्या किमतीपासून सुरुवात केली की एक संधी वाया जाते. विकलेल्या मालाचे भाव 150 डॉलरच्या आसपास असतील आणि मागणी 200 ची असेल, तर 140 पासून सुरू करा. तो 180 म्हणेल, तुम्ही 155 म्हणा. ऑफर बंधनकारक असते हे विसरू नका. बऱ्याचदा ती मंजूर होताच पैसे कापले जातात, म्हणून सहज विचारून पाहावं म्हणून आकडा टाकू नये.

ऑफरसोबतच्या निरोपात आपली अडचण सांगू नका. माग बंद आहे असं कळलं की समोरच्याचा हात वर जातो. कारण मालातलं द्या: फोटोत एक कनेक्टर नाही, कार्ड तपासलेलं नाही असं वर्णनात लिहिलंय, रिव्हिजन जुनं आहे. दोन-तीन सोपी वाक्यं पुरतात.

लिलाव असेल तर गणित वेगळं. बोली लागण्याआधी विक्रेत्याला ठराविक किमतीत देतोस का असं विचारता येतं. सोबत ‘बाय इट नाऊ’, म्हणजे ठरलेल्या किमतीत लगेच घेण्याची सोय, असेल तर पहिली बोली लागताच तो पर्याय सहसा नाहीसा होतो. बोली लावताना आपला शेवटचा आकडा एकदाच भरावा, त्या आकड्यापर्यंत गरजेपुरती बोली संकेतस्थळ आपोआप वाढवतं. तुमची कमाल 150 आणि दुसऱ्याची 110 असेल तर अमेरिकी संकेतस्थळावर वस्तू 112.50 ला पडते, कारण त्या टप्प्यात वाढ अडीच डॉलरची असते. लवकर बोली लावली की दुसऱ्याला तुमची कमाल चाचपायला वेळ मिळतो. शेवटच्या काही सेकंदांत लावली तर तो मिळत नाही. कोणीच बोली लावली नाही आणि लिलाव संपला, तर त्याच दिवशी निरोप पाठवा. न विकलेल्या मालावर विक्रेता सर्वांत मऊ असतो.

मात्र 155 वर हिशेब संपत नाही, आणि चुका इथेच जास्त होतात. सीमाशुल्क माल, भाडं आणि विमा यांच्या एकूण रकमेवर मोजतात. त्यावर पुढे आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. म्हणून 45 डॉलर भाडं सांगणाऱ्याशी मालाइतकंच भाड्यावरही बोला. दोन कार्डं एका पेटीत मागवली तर नगामागचं भाडं उतरतं. जीएसटी नोंदणी आणि आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) असलेल्यांनी कुरिअर कंपनीला केवायसीत दोन्ही नंबर द्यावेत. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्सचं कागदपत्र, तुमच्या जीएसटी क्रमांकावर निघालं तरच आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, आणि बँक चलनबदलावर लावते तो आकार जमेस धरा.

बिलावर किंमत कमी लिहायला विक्रेत्याला सांगू नये. माल अडकू शकतो, आणि वाटेत फुटला तर भरपाईही त्या खोट्या आकड्याएवढीच मिळते. संकेतस्थळाबाहेर बँकेत पैसे टाक, दहा टक्के कमी करतो, असं कोणी म्हणालं तर थेट नकार द्या. तसा व्यवहार नियमांत बसत नाही आणि संकेतस्थळ गिऱ्हाइकाला देतं ते संरक्षणही जातं. परदेशातल्या फॉरवर्डरच्या (माल पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या) पत्त्यावर माल मागवून तिथून पुढे पाठवला, तरी ते संरक्षण उरत नाही.

पेटी आली की उघडतानाचा व्हिडिओ काढा, लेबल जुन्या कार्डाशी ताडून पाहा आणि त्याच आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडून मागावर लावून घ्या. वर्णनाप्रमाणे माल नसेल तर तक्रारीची मुदत 30 दिवसांची आहे, आणि कपाटात ठेवलेल्या कार्डावर ती तशीच निघून जाते. ‘फॉर पार्ट्स’, म्हणजे फक्त सुट्या भागांसाठी, म्हणून विकलेलं कार्ड चालत नाही, ही तक्रार मात्र टिकत नाही.