टी-थ्री कमी आलाय

(दृश्य: अतिदक्षता विभाग. पहाट. मॉनिटरची टिकटिक.)

पहाटेचे पाच. सिस्टर सात नंबरच्या पलंगापाशी रक्त काढतायत. पेशंट ६२ वर्षांचे. आधी न्यूमोनिया, त्यातून रक्तात पसरलेला संसर्ग, व्हेंटिलेटरवर आजचा पाचवा दिवस. त्यांचं नाव आणि चेहरा आम्ही दाखवत नाही. काल रात्री हृदयाची लय बिघडली, म्हणून नेहमीच्या तपासण्यांत एक भर पडली: थायरॉईड.

दुपारी कागद येतो. टी-थ्री, म्हणजे थायरॉईडच्या दोन संप्रेरकांतलं एक, ४५. निरोगी माणसात असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं. आकडा ठळक छापलेला, शेजारी खाली तोंड केलेला बाण. दुसरं, टी-फोर, खालच्या सीमेला टेकलेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम, मात्र ०.६, नॉर्मलमध्येच.

बाहेरच्या बाकावरून मुलगा फोन लावतो. "ताई, बाबांना आता थायरॉईडपण निघालाय."

आपल्याकडे असंच म्हणतात. थायरॉईड खरं तर सगळ्यांनाच असतो, गळ्यात. तो 'निघतो' तेव्हा ग्रंथी बिघडलेली असते. सात नंबरची ग्रंथी बिघडलेली नाही. म्हणूनच एव्हाना पडद्यावर यायला हवं होतं ते गळ्यातलं फुलपाखरू, म्हणजे त्या आकाराची ही ग्रंथी, आम्ही दाखवणार नाही. गडबड ग्रंथीत नसून गळ्याबाहेर, साऱ्या शरीरात चालली आहे.

(दृश्य: साधी रेखाकृती. दोन कडी, त्यांवर चार ठिपके.)

ग्रंथी बनवते ते मुख्यतः टी-फोर. नावातला चार म्हणजे आयोडीनचे चार अणू: दोन बाहेरच्या कड्यावर, दोन आतल्या. टी-फोर हा कच्चा माल. पेशींना खरं कामाला लावतं ते टी-थ्री, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी तयार होतं. बाहेरच्या कड्यावरचा एक आयोडीन काढला की झालं टी-थ्री. आतल्या कड्यावरचा काढला, तर मात्र मिळतं रिव्हर्स टी-थ्री. तेही तीन आयोडीनवालं, पण जवळपास निकामी. चावी त्याच कारखान्यात, त्याच लोखंडाची घडवलेली. फक्त दात उलट्या बाजूला. कुलूप उघडत नाही.

माणूस गंभीर आजारी पडला की बाहेरचा आयोडीन काढणारं एन्झाइम मंदावतं आणि आतला काढणारं जोर धरतं. हे किती लवकर व्हावं? पोटाचं ठरवून केलेलं ऑपरेशन असलं, तरी सुरू झाल्यापासून दोनेक तासांत टी-थ्री उतरायला लागतं. नुसत्या उपाशी राहण्यानेही एक-दोन दिवसांत ते खाली येतं. (एकादशीचा उपवास यात धरू नका. पिष्टमय पदार्थ पोटात गेले की टी-थ्री सावरतं, आणि साबुदाणा म्हणजे तर निव्वळ पिष्ट.)

इथे एक गोष्ट खटकायला हवी. रक्तात टी-थ्री इतकं घटलंय, तर मेंदूच्या तळाशी बसलेल्या पिट्यूटरीने टीएसएच वाढवून आरडाओरडा करायचा. ती गप्प आहे. आजार आठवडे लांबला तर तिच्याही वरचा, मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसकडून येणारा हुकूम क्षीण होतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी १९९७ साली मृत रुग्णांच्या मेंदूंत हे दाखवलं. त्यात औषधांची भर. रक्तदाब सावरायला दिलेलं डोपामिन टीएसएच दाबतं, स्टेरॉईडही दाबतं. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेल्या रुग्णाच्या नमुन्यात मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, टी-फोर खोटंच वाढलेलं दिसू शकतं. आयसीयूतला थायरॉईडचा रिपोर्ट म्हणजे गर्दीच्या फलाटावर ऐकलेली घोषणा. शब्द कानावर पडतात, गाडी कुठली ते कळत नाही.

मग भरून का काढू नये? हा प्रश्न मुलाला पडला, तसाच डॉक्टरांनाही पडला होता, आणि त्यामागे कारण होतं. अमेरिकेत १९८१ साली आयसीयूतल्या ८६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचं टी-फोर डेसीलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्याही खाली गेलं होतं, त्यांतले ८४ टक्के दगावले. ५ च्या वर असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. असा आकडा पाहिल्यावर हात सुईकडे जाणारच.

गेलाही. १९८६ साली टी-फोर घसरलेल्या २३ अत्यवस्थ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ११ जणांना शिरेतून थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोरच, दिलं, १२ जणांना नाही. दिलेल्यांतले ८ गेले, न दिलेल्यांतले ९. म्हणजे तसूभरही फरक नाही. पुढे २००० साली मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या ५९ रुग्णांवर हाच प्रयोग झाला आणि निकाल अंगावर काटा आणणारा निघाला. थायरॉक्सिन मिळालेल्यांत मृत्यू ४३ टक्के, न मिळालेल्यांत १३. खालावलेला आकडा मरण जवळ आल्याचं सांगत होता. मरण तो आणत नव्हता.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या रुग्णालयात तर गोष्ट आणखी उलटी फिरली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ४,६४० रुग्ण होते, आणि प्रश्न थायरॉईडचा नव्हताच. शिरेतून पोषण लवकर सुरू करायचं की आठवडाभर थांबायचं, हा होता. थांबलेल्यांना संसर्ग कमी झाले, ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले. नंतर त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात पाहिलं, तर अन्न कमी मिळाल्यामुळे टी-थ्री आणखी उतरलेलं. हिशेब मांडल्यावर हे उतरणं फायद्याच्या बाजूला पडलं. टी-फोरचं उतरणं मात्र तोट्याच्या. दुष्काळात घर चालवणारी बाई दिवा लवकर मालवते, तशी ही काटकसर असावी. निदान पहिल्या आठवड्यात. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या रुग्णात ती काटकसर राहते की उपासमार होते, यावर वाद अजून मिटलेला नाही.

(दृश्य: घरून आणलेली कापडी पिशवी. चष्मा, जपमाळ, गोळ्यांची बाटली.)

आता ही पिशवी बघा. माझ्या मावशीला आयसीयूत ठेवलं होतं तेव्हाची. ती बारा वर्षं थायरॉक्सिनची गोळी घेत होती. बाटली पिशवीत, पिशवी आमच्या बाकाखाली. कुणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. आयसीयूत सगळं तेच बघतात, असं वाटलं. टी-फोर निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे पहिले काही दिवस काहीच बिघडलं नाही. मग मावशी जागी होईना, नाडी मंद. दहाव्या दिवशी एका सिस्टरने सहज विचारलं, "आजी घरी कसली गोळी घेतात का हो?"

खरा थायरॉईड आयसीयूत असतो, तो असा. अंग गार, नाडी मंद, सोडियम उतरलेलं, टीएसएच वीसच्या वर. गळ्यावर जुन्या ऑपरेशनचा पुसट व्रण असतो, तोही नळी बांधलेल्या पट्टीखाली झाकलेला. टोकाला गेलेल्या अशा २३ रुग्णांचा अभ्यास चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाने २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांतले निम्म्याहून अधिक वाचले नाहीत. यांना थायरॉक्सिन द्यावंच लागतं, आणि त्याआधी स्टेरॉईड, कारण अ‍ॅड्रिनल ग्रंथीही थकलेली असेल तर नुसतं थायरॉक्सिन जिवावर बेततं. शिरेतलं औषध हाताशी नसेल तर सिस्टर गोळी कुटतात, पाण्यात कालवतात आणि नाकातल्या नळीतून सोडतात. दूध-फीड तेवढा वेळ बंद, नाहीतर गोळी अंगी लागत नाही.

सात नंबरला यातलं काहीच नव्हतं. गळा स्वच्छ, घरची गोळी नाही. फाईलवर एकच ओळ: 'उपचार नको. सहा आठवड्यांनी पुन्हा.'

तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली. दुसऱ्या एका तपासणीत टीएसएच ९ आलं, बाण या वेळी वर. पुन्हा धावपळ, पुन्हा फोन. बरं होताना पिट्यूटरी अशी जागी होते; ९ काय, कधीकधी २० पर्यंतही जाते.

(दृश्य: ओपीडी. कागदावर बाण नाही.)

टीएसएच २.८. मुलगा कागदाचा फोटो काढून ताईला पाठवतो. बाबा कागदाकडे बघतही नाहीत. नळीने बसलेला आवाज अजून पुरता सुटलेला नाही. त्या आवाजात ते डॉक्टरांना विचारतात, स्कूटर कधीपासून चालवू?