खूण केव्हा केली?

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये मी एका बाईंचा केसपेपर चाळत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी सूचीवरील सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच तिरक्या रेघेत भरलेले होते. घरी जाताना धोक्याची लक्षणे समजावून सांगितली, यापुढेही खूण होती. बाई मात्र अजून टेबलावर कळा देत होत्या.

ही सूची वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. २०१० साली कर्नाटकातील एका प्रसूती केंद्रात ती प्रथम वापरून पाहिली, तेव्हा २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० होत असत, त्या २५ वर गेल्या. पुढे उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत दीड लाखांहून अधिक प्रसूतींवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. जिथे सूचीसोबत प्रशिक्षक येत होते, तिथे दोन महिन्यांनी, या चाचणीत मोजलेल्या १८ कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या, इतरत्र ४२ टक्के. प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, हा आकडा ६२ वर उतरला. माता आणि बाळांचे मृत्यू व मातांच्या गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास राहिले. कागदाने रक्ताची पिशवी येत नाही की रात्री सिझेरियन करणारा हात येत नाही, हे त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते.

तरीही सूचीतील एक थांबा, म्हणजे थांबून तपासण्याची एक वेळ, मी कधीही सोडणार नाही: बाळ बाहेर येण्याआधीची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाची १० युनिट्स, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातच द्यायची असतात. त्या मिनिटात फ्रिज उघडून अँप्यूल फोडत बसले, तर मिनिट तिथेच संपते. म्हणून इंजेक्शन आधीच सिरिंजमध्ये भरलेले हवे. कोरडा टॉवेल, नाळ कापायचे निर्जंतुक ब्लेड, बाळासाठी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क हाताशी हवेत, आणि मदतीला कोण धावणार तेही ठरलेले हवे. या शेवटच्या कलमाकडे आपण सहज दुर्लक्ष करतो, कारण रात्रपाळीला बहुधा एकच सिस्टर असतात.

आम्ही त्या रुग्णालयात एवढेच केले की हा भाग मराठीत मोठ्या अक्षरांत छापून ट्रेजवळ लावला आणि तो मोठ्याने वाचायचे काम मावशींकडे दिले. मावशी विचारणार, सिस्टर वस्तूला हात लावून 'आहे' म्हणणार, आणि मगच खूण होणार. पहिल्याच रात्री मावशींनी 'मास्क?' विचारले, तेव्हा बॅग होती, पण नवजात बाळाच्या मापाचा मास्क नव्हता. तो शेजारच्या वॉर्डातून आणला, तोवर बाळाचे डोके दिसू लागले होते.