सोलापूरच्या उन्हात सोलर पॅनेल

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन जास्त तिथं सोलरची वीज जास्त, असा आपला सरळ हिशोब. पण पॅनेलला हवा असतो उजेड; उष्णता त्याला सोसत नाही. पॅनेलवर छापलेले वॉट हे सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या पातळ चकत्यांचं, तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. मे महिन्यात सोलापूरची हवा ४२ अंशांवर गेली की काचेखालचा सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. भर दुपारी पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज अशीच जाते. ही घट तात्पुरती असते, पॅनेल निवलं की भरून येते. धुळीचंही तसंच, धुतली की गेली.

कायमची झीज मात्र आत होते. सेल ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या दोन थरांत बंद असतात. अतिनील किरण आणि उष्णता झेलून हा थर वर्षानुवर्षांत पिवळट, मग तपकिरी पडतो आणि सेलपर्यंत उजेड कमी पोचतो. मागची शीट तडकली की ओल आत शिरते. मग ईव्हीएतून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटतं आणि सेलवरच्या चांदीच्या बारीक रेषा गंजू लागतात. शिवाय दिवसा तापायचं, रात्री निवायचं. या रोजच्या ताणानं सेल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचं सोल्डरिंग कमकुवत होतं.

ही झीज साधारणपणे वर्षाला अर्धा टक्का धरतात. त्या हिशोबानं पंचवीस वर्षांनी ८८ टक्के क्षमता उरते. तीच झीज एक टक्का असेल तर ७८. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेनं देशभर केलेल्या पाहण्यांत उष्ण भागातली पॅनेल थंड भागांपेक्षा जास्त उतरलेली आढळली. म्हणजे आपण कुठल्या बाजूला, ते सांगायला नको.

ऊन आपल्या हातात नाही, फिटिंग आहे. पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलखाली वारा खेळत नाही, ते जास्तच तापतं. चांगली उंची ठेवून घ्या. खाली पापड-कुरडया वाळवायलाही जागा होते. धुताना पॅनेलवर पाय देऊ नका. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा जातात. धुवायचं ते सकाळी लवकर, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडणं वाईट. बोअरचं जड पाणी वापरलंत तर लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात.

आणि कृपा करून पॅनेलच्या कोपऱ्यावर चादर वाळत घालू नका. सेल एकामागे एक जोडलेले असतात. अरुंद गल्लीत दिंडीतला एक अडखळला की मागची सगळी रांग अडते, तसा एका झाकल्या सेलमुळे सगळ्यांचा प्रवाह अडतो. त्यासाठी प्रवाहाला बाजूनं वाट देणारे बायपास डायोड असतात, तरी रोजच सावली पडली तर तो सेल तापून करपतो. टाकीच्या सावलीचं आणि पाखरांच्या विष्ठेचंही हेच.

उत्पादन घटल्यासारखं वाटलं तर यंदाच्या फेब्रुवारीची तुलना गेल्या फेब्रुवारीशीच करा, मे किंवा जुलैशी नको. वॉरंटी मागायची वेळ आली तर अनुक्रमांक लागतो. तो बहुधा पॅनेलच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून पॅनेल चढवण्याआधीच त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवा.