आधी स्पर्श, मग दाब

(दृश्य: पाय लांब करून, डोळे मिटून बसलेल्या आजी. सून त्यांच्या पायाच्या बोटांना हात लावते आहे.)

अंगठ्याच्या टोकाला तर्जनी अलगद टेकवायची, सेकंद-दोन सेकंद. आजींनी ‘उजवा’ की ‘डावा’ एवढंच सांगायचं. मग करंगळी, मग मधलं बोट. दोन्ही पाय मिळून सहा ठिकाणं. टोचायचं नाही, चोळायचं नाही, ‘कळलं का?’ असं विचारायचंही नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली असावी असं धरून डॉक्टरांना पाय दाखवायचा. ही इप्सविच स्पर्श चाचणी. मधुमेहात पायाला ॲक्युप्रेशर द्यायचं तर सुरुवात इथून.

कारण दाब पुरे झाला की नाही, हे ज्याचा पाय त्यालाच कळतं. बधिर पाय काहीच सांगत नाही. काटेरी चटई, लाकडी रोलर, खुंट्यांच्या चपला यांनी तळव्याला फोड येतो, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फोडावर पुन्हा रोलर फिरतो. जखम चिघळते ती अशी.

(दृश्य: गुडघा आणि नडगी, जवळून.)

संवेदना शाबूत असेल, तर गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगाला खळगा लागतो, तिथून चार बोटं खाली या. नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. पाऊल वर उचललं की बोटाखाली स्नायू फुगतो. हा ॲक्युप्रेशरचा बिंदू, नाव एसटी ३६. मापाची बोटं रुग्णाचीच घ्या, दाबणाऱ्याची नव्हे. इथेच बहुतेकांचा बिंदू चुकतो. दुसरा एसपी ६: आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, हाडाच्या मागच्या कडेला. गरोदरपणात तो दाबत नाहीत.

अंगठ्याच्या गादीने, नख न लावता, दाब हळूहळू वाढवा. प्रत्येक बिंदूला एक-दोन मिनिटं पुरे. जिमी (बिंदू दाबायची काडी) लागत नाही. दुसऱ्या दिवशी काळा-निळा डाग दिसला तर दाब जास्त झाला. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांडीत इन्सुलिन घेतलं असेल तर ती जागा चोळू नका; औषध रक्तात लवकर उतरतं.

मध्येच घाम, थरथर सुटली तर ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

(दृश्य: ग्लुकोमीटरचा पडदा.)

दाबल्याने अंग सैल होतं, बरं वाटतं. साखरेवरच्या परिणामाचे अभ्यास मात्र बहुतेक छोटे आहेत. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदीच आहे. दाबण्याआधी १८०, नंतर १६५ आले म्हणून हुरळू नका, एवढा फरक मीटरच्या चुकीतही बसतो. गोळी किंवा इन्सुलिन कमी करायचं का, हे तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी बघून डॉक्टर ठरवतात.