पिल्ले आईबापांजवळच राहू द्यावीत

सभागृहात जमलेल्या मत्स्यपालक मित्रमैत्रिणींनो,

घरच्या टाकीत सिक्लिडची, म्हणजे एंजल आणि डिस्कस ज्या कुळात मोडतात त्या माशांची, वीण कशी साधावी, हा विषय आपण मला दिला आहे आणि त्याचा तपशील मी सांगणार आहेच. टाकीतले नायट्रोजनचे चक्र कसे बसते, स्पंज फिल्टर का वापरायचा, या गोष्टी आपणा सर्वांना ठाऊक आहेत असे मी धरून चालतो. मात्र तपशिलाकडे वळण्यापूर्वी एक आग्रह मांडायचा आहे, जो मी अनेक वर्षे भेटेल त्याच्यापाशी मांडत आलो आहे: सिक्लिडची अंडी आणि पिल्ले आईबापांपासून काढून घेऊ नयेत.

बहुसंख्य मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिडांचे तसे नाही. या कुळाने संगोपनाच्या जितक्या तऱ्हा शोधल्या, तितक्या माशांच्या फार थोड्या कुळांत सापडतात. एंजल माशाची जोडी उभ्या पानावर अंडी चिकटवते, आळीपाळीने परांनी त्यांना वारा घालते आणि बुरशी आलेली पांढरी अंडी एकेक वेचून काढते. मलावी सरोवरातल्या बहुतेक जातींची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत साधारण तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. टांगानिका सरोवरात तर एक कॅटफिश याच मायेचा फायदा घेतो: सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना तो मध्ये शिरून आपली अंडी सोडतो, मादी तीही तोंडात घेते, आणि आतल्या आत त्याची पिल्ले आधी बाहेर येऊन तिची पिल्ले फस्त करतात. त्याच सरोवरातल्या ब्रिचार्डी या सिक्लिडचे मात्र नांदते एकत्र कुटुंब असते. आधीच्या विणीतली मोठी भावंडे धाकट्यांची राखण करतात आणि हद्दीत शिरलेल्या परक्याला हाकलण्यात आईबापांच्या बरोबरीने पुढे होतात. ज्याने ब्रिचार्डीची पिल्ले पहिल्याच आठवड्यात नळीने ओढून दुसऱ्या टाकीत नेली, त्याला हे दृश्य कधीच दिसणार नाही.

आता माझी खरी तक्रार. एंजलची अंडी रात्रीतून नाहीशी झालेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी कृपया हात वर करावेत. जवळजवळ सगळेच हात वर आहेत आणि मला याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. व्यापारी पैदाशीत टाकीत पानाऐवजी ठेवलेली, अंडी घातलेली पाटी लगेच उचलतात, वेगळ्या भांड्यात मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे औषध टाकून हवेच्या बुडबुड्यांवर अंडी उबवतात, आणि अंडी गेली की जोडी थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालते. व्यवसायाच्या दृष्टीने ही पद्धत समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम काय होतो, याचा विचार करावा. नदीत जी जोडी स्वतःची अंडी खाते तिचा वंश तिथेच संपतो आणि जी राखते तिचा पुढे चालतो. भांड्यातल्या पैदाशीत हा फरकच उरत नाही. अंडी खाणाऱ्या आणि अंडी राखणाऱ्या दोन्ही जोड्यांची पिल्ले सारख्याच संख्येने बाजारात येतात. असे पिढ्यान्‌पिढ्या चालल्यावर टाकीतला एंजल आईबाप होणे विसरत चालला असेल, तर त्यात नवल काय?

शहरातल्या एका विक्रेत्याकडून मी एंजलची एक जोडी घेतली होती. पक्की जोडी आहे, हमखास अंडी घालते, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेही होते; पण त्या जोडीची अंडी प्रत्येक वेळी उचलली गेली होती, म्हणजे आपले एकही पिल्लू तिने आजवर पाहिलेले नव्हते. घरी आल्यावर तिने अंडी घातली आणि दुसऱ्या सकाळी खाल्ली. पुढच्या वेळीही तेच झाले. ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी पाटी उचलण्याचा सल्ला दिला. मी ती उचलली नाही. टाकीतले बाकीचे मासे हलवले, तळाशी दबा धरून रात्री अंडी खाणारा सकर मासा काढला, समोरची काच कागदाने झाकली आणि रात्रभर एक मंद दिवा चालू ठेवला. कारण एकदम काळोख झाला की जोडी बिथरते आणि तिची राखण मोडते. गणेशोत्सवात पथकांच्या ढोलांचा घुमारा काचेपर्यंत पोहोचत असे, म्हणून टाकीच्या स्टँडखाली जाड रबर घातले. मासे अंगावरच्या पार्श्वरेषेने आणि आतल्या कानाने असे हादरे ओळखतात. आणखी काही विणी वाया गेल्या. मग एका विणीत नराने पाटीवरून निसटलेले पिल्लू तोंडात घेतले आणि परत पाटीवर नेऊन चिकटवले. तिथून पुढे त्या जोडीला कोणाच्याही मदतीची गरज उरली नाही.

पुण्यात या छंदाला नव्याने सुरुवात करणाऱ्याने एंजलच्याही आधी आपल्या देशातला ऑरेंज क्रोमाइड पाळावा, असे मला मनापासून वाटते. भारतात मूळची सिक्लिड तीनच: केरळात करीमीन म्हणून ताटात येणारा ग्रीन क्रोमाइड, कर्नाटकातला कॅनरा क्रोमाइड, आणि दक्षिण भारत व श्रीलंकेच्या खाड्यांतला हा बोटभर लांबीचा केशरी मासा. यांचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेच्या सरोवरांत नसून मादागास्करमध्ये आहेत. ऑरेंज क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, जसे डिस्कसची पिल्ले करतात. डिस्कससाठी हजारो रुपये मोजणाऱ्या आपल्या शहरात हा मासा मागणीअभावी दुकानात क्वचितच दिसतो, याचे मला वाईट वाटते. आणि ज्या पिल्लांचे अन्न आईबापांच्या अंगावरच आहे, ती पिल्ले वेगळ्या टाकीत हलवण्यात कोणता शहाणपणा आहे?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. त्यामुळे विणीचा तपशील आता घाईनेच सांगावा लागेल.

आधी पाणी मोजावे, मासा नंतर निवडावा. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे आणि म्हणून मृदू असते; क्लोरीन काढले की एंजलला ते चालते. उपनगरांत टँकरने येणारे बोअरचे पाणी बहुधा क्षारांनी जड असते आणि मलावीच्या माशांना तेच मानवते, कारण त्यांच्या सरोवराचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) साधारण ७.८ ते ८.६ आहे. क्रोमाइडसाठी नळाच्या पाण्यात प्रवाळाचा चुरा आणि थोडे सागरी मीठ घालावे. तापमान २६ ते २८ अंश ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात हीटर लागतोच.

जोडी विकत घेऊ नये. सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवावेत आणि जोडी त्यांची त्यांना जमू द्यावी. जमली की बाकीचे हलवावेत. मलावीच्या माशांत मात्र जोडी नसते, तिथे एका नरामागे अनेक माद्या ठेवाव्यात, आणि तोंडात अंडी असलेली मादी पकडून तिचे तोंड उघडण्याऐवजी तिला अलगद स्वतंत्र टाकीत न्यावे. पिल्ले पोहू लागली की ताजा उबवलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा आणि रोज थोडे पाणी बदलावे.

शेवटचा मुद्दा वाढलेल्या पिल्लांचा. ती मुठेत किंवा एखाद्या तळ्यात सोडू नयेत. उजनीत जाळ्यांमध्ये सापडणारी चिलापी हीसुद्धा सिक्लिडच आहे. मोझांबिकची ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली, आणि तिची मादी अंडी तोंडात राखते म्हणूनच, जिथे स्थानिक माशांची उघड्यावरची अंडी टिकत नाहीत तिथेही तिची टिकतात. पिल्लांना घर मिळणार नसेल, तर नर आणि मादी वेगळ्या टाक्यांत ठेवावेत आणि मागणी आल्यावरच एकत्र आणावेत.